फळ्यावरचं नाव

सकाळी गॅलरीतून खाली पाहिलं, तर चौकातल्या मंडळाच्या वार्ताफलकासमोर माझी लेक अनघा उभी. टाचा उंचावून खडूने लिहीत होती.

नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याबद्दल तिने ब्लॉगवर लिहिलं, म्हणून तिच्यावर गुन्हा दाखल झालाय. लॅपटॉप आणि फोन पोलिसांनी नेले, ब्लॉगही बंद पाडला. काल दिवसभर तिला ठाण्यात बसवून ठेवलं होतं. घरी आल्यावर मी म्हटलं, "पुरे झालं आता, अनू." तिने ताक मागून घेतलं आणि पिऊन टाकलं.

आता तेच गढूळ पाणी फळ्यावर उतरत होतं. दुधाला निघालेली माणसं थबकून वाचत होती. लॅपटॉप उचलून नेता येतो. पण रोज बादलीत दिसणारा गाळ कुठल्या कपाटात ठेवणार हे लोक?

आमच्या फळ्याची एक रीत आहे. बातमी कुणीही लिहावी, पण खाली स्वतःचं नाव घालायचं नाही, फक्त 'मंडळ' लिहायचं. कुणी जाब विचारायला आलं, तर सगळेच मोकळे! अनघाही तसंच करील, या आशेवर मी कठडा धरून उभी होते.

तिने 'मंडळ' लिहिलं. क्षणभर थांबली. मग तळहाताने ते पुसून तिथे आपलं नाव लिहिलं, आडनावासकट.

तेवढ्यात एका हवालदाराने मोटारसायकल थांबवली. फळा वाचून तो दरडावला, "कुणाची पोरगी ही?"

"माझी!" मी वरून ओरडले. अख्ख्या चौकाने माना वर केल्या.