चौथ्या तुकड्याची सरळ कड

मी बेळगावात नकाशे जोडायचं काम करते. असं सांगितलं की लोक तोंडाकडं बघत राहतात. आकाशातून घेतलेल्या फोटोंवरून जमिनीच्या वापराचे नकाशे तयार होतात, त्यांना रास्टर फाइल म्हणतात. सगळा नकाशा बारीक चौकटींचा, आणि प्रत्येक चौकटीला एक आकडा: पीक, झाडी, घरं, पाणी, पडीक. असे चार-पाच तुकडे जोडून एक नकाशा करायचा, ह्याला आम्ही मर्ज मारणं म्हणतो. सकाळी हिंडलग्याहून स्कूटर काढते आणि संध्याकाळपर्यंत तुकडे जोडत बसते. मला हे काम मनापासून आवडतं. डोकं तापट आहे माझं, माणसांशी पटकन खटका उडतो. फाइली उलट बोलत नाहीत.

गेल्या वर्षी आमच्याच भागाचं काम आलं. माझं माहेर बोरगावच्या बाजूला. तिथं नदीचं पाणी उचलून शेतांना द्यायची योजना ठरत होती, आणि पहिल्या यादीसाठीचा नकाशा मी करायचा होता. नकाशात पीक दिसेल तिथं पाणी, पडीक दिसेल ते मागं.

हे कळल्यापासून आप्पांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, पाय जमिनीवर नव्हते. आमचं रान लांबट आहे. पूर्वेला विहीर, तिकडं ऊस. पश्चिमेचं अर्धं रान ओढ्याला टेकलेलं, पण ओढा दिवाळीनंतर कोरडा ठणठणीत. म्हणून तिथं जन्मभर तंबाखूच लावला, त्याला पाणी कमी लागतं. "वड्याकडच्या रानात एकदा ऊस बघितला की म्या सुटलो," असं आप्पा म्हणायचे, आणि आई त्यांच्यावर खेकसायची, "अभद्र बोलू नगा."

नदीचं खोरं दोन्ही राज्यांत पसरलेलं. त्यामुळं तीन तुकडे अलीकडचे, कर्नाटकातले, आणि चौथा पलीकडचा, महाराष्ट्रातला. ह्या चौथ्याची कड थोडी आपल्या हद्दीत येत होती. तुकडे एकमेकांवर येतात तिथं वरचा दिसतो आणि खालचा झाकला जातो. चौथा तुकडा दिसायला इतका स्वच्छ, ढगाचा एक ठिपका नाही. मी तोच सगळ्यात वर ठेवला आणि मर्ज मारलं. नकाशा झकास झाला. फक्त पश्चिमेला एक रेघ दिसत होती, रेघेच्या अलीकडं हिरवं पीक, पलीकडं तपकिरी पडीक.

दुसऱ्या कुठल्या गावची मुलगी असती तर तिथंच अडखळली असती. मी नाही अडखळले. आमच्याकडं लहानपणापासून हे असंच. रस्त्याचं डांबर बदललं, एसटीचा रंग बदलला, पाटीवरची अक्षरं बदलली की समजायचं, सीमा आली. रेघ दिसली, मी म्हटलं सीमा, आणि पुढच्या कामाला लागले.

मंगळवारी गावात बैठक होती. रविवारी छापील नकाशा घेऊन मी माहेरी गेले. खोटं कशाला बोलू, मिरवायलाच गेले. आप्पांनी नकाशा बाजेवर पसरला, चष्मा चढवला. त्यांचं बोट बस्तीपासून, गावच्या जैन मंदिरापासून, निघालं, विहिरीवर आलं, आणि थांबलं.

"हे तपकिरी काय गं?"

"पडीक."

"आपलं वड्याकडचं रान पडीक?"

"आपलं नाही आप्पा. ती सीमा आहे. तिकडचं पडीक दाखवलंय."

"कसली सीमा? सीमा वड्यानं जाती, वाकडीतिकडी. ही रेघ फूटपट्टी धरून मारल्यागत हाय. आणि आपल्या रानातनं गेलीया. वडा लई लांब हाय, ह्यो बघ की!"

झालं, माझा पारा चढला. "आप्पा, तुम्हाला ह्यातलं कळत नाही," मी बोलून गेले. आई पदराला हात पुसत बाहेर आली. आप्पा मात्र चिडले नाहीत.

"नकाशातलं न्हाय कळत. म्या काय रान पडीक टाकलं व्हय गं कवा?"

त्यांनी चष्मा काढून नकाशावर ठेवला.

मी लॅपटॉप उघडला. रेघ म्हणजे चौथ्या तुकड्याची कड होती, आमच्या रानाच्या मधोमध. त्याची तारीख बघितली तर एप्रिल. आमचे तीन तुकडे जानेवारीचे, उभ्या पिकातले. एप्रिलात तंबाखू निघालेला असतो, रान नांगरून उघडं पडलेलं असतं, मशीनला ते पडीकच दिसणार. नांगरटीच्या ढेकळांत खेळून मी मोठी झाले, आणि मलाच हे सुचू नये! लाजेनं कान गरम झाले. आमचंच नाही, ओढ्याकाठची सगळ्यांचीच रानं यादीतून गेली असती.

"चुकलं, आप्पा."

"मग नीट कर की. रडतीस कशाला?"

चौथा तुकडा सगळ्यात खाली टाकला, आपले तीन वर घेतले आणि पुन्हा मर्ज लावलं. लॅपटॉप जुना, अर्धा तास घरघरत बसला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा आमच्या घरचा नेम. आईच्या हाका सुरू झाल्या. आप्पा ताट घेऊन लॅपटॉपसमोरच येऊन बसले.

"झालं का गं?"

"थांबा की जरा!"

चौथ्यांदा विचारलं तेव्हा झालं होतं. रेघ गेली होती. हिरवा रंग थेट ओढ्यापर्यंत पोचला होता आणि तपकिरी त्याच्या पलीकडं, वाकडातिकडा. आप्पांनी भाकरीचा हात धोतराला पुसला आणि पडद्यावर बोट ठेवलं. "हां. आता वडा वड्यागत दिसतोय." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

सोमवारी नवा नकाशा पाठवला, आणि मंगळवारी दुपारी ऑफिसात आप्पांचा फोन आला. बैठकीत यादी वाचली होती. "आलं गं, सगळं आलं. वड्याकाठचं एक बी रान ऱ्हायलं न्हाय." मग जरा थांबून म्हणाले, "उसाचं बेणं सांगून आलोय."

पाइप नाही, मोटार नाही, नदीवर अजून एक खड्डासुद्धा मारलेला नाही, आणि ह्यांनी बेणं सांगून ठेवलं! मी फोनवरच ओरडले, अख्खं ऑफिस माना वळवून बघायला लागलं. आप्पा पलीकडं नुसते हसत होते. शेवटी मीही हसले, डोळे पुसले, आणि उसाची लागण कधी करायची ते विचारून घेतलं, कारण त्या दिवशी मला रजा टाकायची होती.