लाल शाईची रिकामी पुडी

महेशचा फोन आला तेव्हा मी मस्कतच्या आमच्या स्वयंपाकघरात नवऱ्याचा डबा भरत होते. महेश माझा चुलतभाऊ. सकाळी त्याला उदगीरला औषधांचं दुकान उघडायचं असतं, त्या वेळी तो कधी फोन करत नाही. "अक्का... अप्पा गेले," एवढंच म्हणाला. अप्पा म्हणजे त्याचे वडील, माझे अप्पाकाका. मी डब्याचं झाकण लावलं, नीट बसलंय का बघितलं आणि मग खाली बसले. त्याला आता दीड महिना झाला. मातीला मी पोचले नाही, पाचव्या दिवशी पोचले. परदेशात राहणाऱ्यांचं हे असंच असतं, लग्नाला आठ दिवस आधी आणि मातीला पाच दिवस उशिरा.

काकांचं दुकान मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या वाटेवर. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. गिऱ्हाईक गोळी मागायला आलं की आधी त्याची हजेरी घ्यायचे. कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतंस, मागच्या गोळ्या पुऱ्या केल्यास का? उमरी गावच्या घरात मला दिलं, नवऱ्याला मस्कतला नोकरी लागली आणि आम्ही उदगीरला नमस्काराला गेलो, तर आशीर्वाद द्यायच्या आधी काकांनी जावयाला विचारलं, "तिथं साधा ताप आला तर डॉक्टर किती घेतो?" नवऱ्याने सांगितलं की कंपनीचा विमा त्यांच्यापुरताच, बायकापोरांचं ज्याचं त्याने बघायचं. मग डॉक्टरच्या फीचा आकडा सांगितला. काकांनी त्याचे रुपये करून बघितले आणि चष्मा काढून ठेवला. "तापाला एवढे? मंग माणसानं आजारी पडावं तरी कसं?"

दुसऱ्या दिवशी शंकरपाळ्यांच्या चौकोनी डब्यात आमचा दवाखाना तयार होता. कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर निळ्या शाईत दुखण्याचं नाव. ताप. पित्त. पोट बिघडलं तर. पोराची सर्दी. मला पोर व्हायचं होतं तेव्हाची ही गोष्ट! आत गोळ्यांची पट्टी, पण कापताना मुदतीच्या तारखेची कड त्यांनी कधी कापली नाही. वर डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी आणि दुकानाची पावती, कारण "इमानतळावर इचारतील". आणि सगळ्यांत खाली एक पुडी लाल शाईची, "छातीत दुखलं तर". ती घट्ट दुमडून दोऱ्याने बांधलेली. दर सुट्टीला डबा नव्याने भरला जायचा, लाल पुडी मात्र तीच राहायची. मी कधी सोडून बघितली नाही. छातीत दुखण्याचं आमचं वय थोडंच होतं!

पुड्यांनी भागलं नाही असं दुखणं आम्ही साठवायचो. तिकडे सगळे आपले लोक तेच करत. दाढ मार्चमध्ये ठणकायला लागली की लवंग धरून दिवाळीपर्यंत ओढायची. सुट्टीचे पहिले आठ दिवस दातांचे, डोळ्यांचे, रक्त तपासण्याचे, मग पाहुण्यारावळ्यांचे. दुकानाची पायरी चढले की काका म्हणायचे, "आली का गं नंदे गोदाम खाली करायला? यंदा काय काय माल आणलाय?" आणि मग स्वतः बरोबर यायचे. उदगीरच्या दातांच्या दवाखान्यात तासभर बसून राहायचे, लातूरच्या तपासणीचे कागद हातात घेऊन एकेक ओळ वाचायचे. मला त्या फेऱ्या आजारपणाच्या कधी वाटल्याच नाहीत. लातूरहून येताना गाडी थांबवून उसाचा रस प्यायचा, दाढ सुजलेली असली तरी...

एका शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवून उठताना नवऱ्याने टेबलाची कड धरली. घाम फुटलेला, डावा हात जड झालेला. त्यांनी नुकतीच कंपनी बदलली होती, नवीन कंपनीचा विमा सुरू व्हायचा होता. "गॅस हाय गं. पुढच्या म्हैन्यात चाललोच की, लातूरला दावू. हितं दवाखान्यात पाय ठिवला तर वर्साची कमाई जाती." मलाही ते पटलं, हे मी आज लपवत नाही. मी डबा काढला तो पित्ताची पुडी शोधायला. हाताला लाल पुडी लागली. दोरा तोडला, पुडी उलगडली. आत गोळी नव्हती. कागदाच्या आतल्या बाजूला काकांचं अक्षर होतं: "हिच्यात गोळी न्हाई. ठिवली असती तर तू तीच देत बसली असतीस. आत्ताच्या आत्ता दवाखाना गाठ. पैशाचं मागून बघू."

शेजाऱ्यांच्या गाडीतून नेलं. दवाखाना असा चकचकीत की चप्पल घालून आत जायला लाज वाटावी. डॉक्टर शांतपणे समजावून सांगणारे, केरळची नर्स माझ्या पाठीवर हात ठेवणारी. आणि तितकाच चकचकीत तो पैसे भरायचा काउंटर! शीर जवळजवळ पूर्ण बंद झालेली. आणखी दोन तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या पाटल्या गेल्या. मी फोनवर रडत काकांना ते सांगितलं, तर म्हणाले, "गेल्या तर गेल्या. सोनं असतंय कशाला मंग? जावई कसे हायत, ते सांग." मग म्हणाले, "नंदे, इलाज तिकडचा बी चांगला हाय, हिकडचा बी. येळंवर गेलं तर."

वेळेवर. हा शब्द त्यांचा. आणि उदगीरला पोचल्यावर महेशने जे सांगितलं ते ऐकून मला रडू नंतर आलं, आधी राग आला. दोन दिवस काकांच्या छातीत जळजळ होती. सोडा पिऊन ते दुकानात बसले. महेश म्हणाला, अप्पा, लातूरला जाऊ, तर म्हणे, "आज बाजार हाय, गर्दी हाय. उद्या बघू." तो उद्या लातूरच्या वाटेवर, नळेगावच्या अलीकडे गाडीतच संपला. मी त्यांच्या फोटोपुढे बसून मनातल्या मनात भांडले. मला तेवढं लिहून दिलंत, आणि स्वतः? साऱ्या गावाला वेळेचं शिकवायचं आणि आपण सोडा प्यायचा? फोटोतले काका हसत होते. खिशात दोन्ही पेनं होती.

निघायच्या आदल्या दिवशी महेशने माझा डबा भरला. तेच कागद, तीच तारखेची कड. तळाशी लाल पुडीही होती. तो विसरला नव्हता. मी गल्ल्यातलं लाल पेन मागून घेतलं आणि आणखी एक पुडी केली. काकांची चार वाक्यं जशीच्या तशी लिहिली, दोरा बांधला आणि महेशला म्हटलं, "ही तुझी. हिथंच गल्ल्यात ठेव, बाजाराच्या दिवशी दिसंल अशी."

काकू आतल्या दाराशी बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, पुडी घेतली, दोरा सोडला आणि ती उलटी करून तळहातावर झटकली. काहीच पडलं नाही.

"रिकामीच हाय की गं."

"रिकामीच असती, काकू." मी त्यांना आतलं वाचून दाखवलं.

त्यांनी कागदाची घडी घातली. "समद्यास्नी दिली," म्हणाल्या, "त्यांना मातर कुनी दिली न्हाई." मग पुडी पुन्हा बांधून महेशच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळल्या. "नंदा, मला बी एक कर. म्या बी उद्या बघू म्हननारीच हाय."

मी दुसरा कागद फाडला.