हिमालय मारला पापलेटावर

त्या दिवशी मला असा राग आला, की पाचूबंदरला बांबूच्या वलांडीवर टांगलेले ओले बोंबील माझ्या नुसत्या श्वासाने खडखडीत वाळले.

मी हिमनद्यांचा अभ्यास करतो आणि राहतो वसईत, जिथे तुंगारेश्वर सोडला तर उंच काय, कचऱ्याचे ढीग. माझी एक विद्यार्थिनी पाचूबंदरचीच, कोळ्याची मुलगी. हिमालयात शिंक नाकातच गोठते अशा उंचीवरून तिने बर्फाचा दंडगोल काढून आणला. त्यातल्या काजळीच्या थरांवर तिची अख्खी पीएचडी उभी.

आणि आमच्या विभागाच्या फ्रीजरमध्ये काय? निरोप समारंभाचं आइस्क्रीम!

"समारंभ होईपर्यंत तुमचा बर्फ घरी ठेवा ना," विभागप्रमुख म्हणाले. घरी! हिमालय म्हणजे काय लोणच्याची बरणी?

शेवटी तो गेला तिच्या घरच्या मासळीच्या फ्रीजरमध्ये. तिची आई बाजारात मासळी विकते. मी बजावलं, "मावशी, हा बर्फ वाया जाऊ देऊ नका."

दुसऱ्या दिवशी वीज गेली. वसईत ती पाहुणीच, येते कमी, जाते फार. विद्यार्थिनीचा फोन आला, तसा मी बाजारात धावलो. ती आईच्या पाटीतली पापलेटं दोन्ही हातांनी उपसत होती.

"मावशी, बर्फ?"

"लाइट गेली, मास्तर, त्याचं पानी व्हायला लागलं. तुमीच बोललात ना, वाया नको? सगला फोडून मारला पापलेटावर. कनभर फुकट नाय गेला!"

आता हिच्यावर ओरडणार कसं? कोळणीचा बर्फ मासळीवर न पडता वितळला, तरच तो वाया!

एवढ्यात पाटीच्या तळाशी नारळाएवढा तुकडा तिच्या हाती लागला.

"सर, वरचा थर तासला तर आतला चालेल?"

"चालेल! निदान प्रबंधाचं एक प्रकरण तरी वाचेल."

मग मी मावशींना आइस्क्रीमची हकीकत सांगितली. त्यांनी पदर खोचला, पाटी उचलली. मासळीच्या टेम्पोतून आम्ही थेट विभागात. मी फ्रीजरमधले आइस्क्रीमचे डबे विभागप्रमुखांच्या टेबलावर आदळले. "हा काय तमाशा?" ते किंचाळले. त्यांच्या देखत मावशींनी केशर-पिस्ता पापलेटावर मारला.

"वाया नाय जाऊ द्यायचं, सायेब."

मुलगी तुकडा आत ठेवून फ्रीजरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. प्रकरण लिहून होईपर्यंत हटली असेल, तर माझं नाव बदला.