सिस्टरबाईंची फुलं

फुलाकडे कसं पाहावं हे आपल्याला कळतं, असा ज्याचा समज असेल त्यानं आमच्या सिंदेवाहीच्या घरमालकीणबाईंबरोबर एकदा फिरायला जावं. परत येताना तो समज शिल्लक राहत नाही. माझा तरी राहिला नाही. बदली होऊन मी त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला गेले, तेव्हा एवढंच ठाऊक होतं की बाई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स आहेत, नोकरीची बरीच वर्षं एटापल्लीच्या जंगलात काढून आल्या आहेत आणि सारं गाव त्यांना सिस्टरबाई म्हणतं. भाड्याचं बोलणं निघायच्या आधीच त्यांनी मला विचारलं, "मास्तरीनबाई, बहाव्याच्या फुलाले पाकळ्या किती?" मी मराठीची शिक्षिका. बहाव्यावर पंधरा मिनिटं बोलले असते, पण पाकळ्या कधी मोजल्या नव्हत्या. "पाच," त्या म्हणाल्या, "अन् मधातले तीन तंतू लांब, हुकासारखे वाकलेले. जाऊ द्या, शिकसान हळूहळू." नापास होऊनही मला खोली मिळाली.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक छोटा ओव्हन होता आणि त्यात खाण्याची कुठलीही वस्तू भाजायला सक्त मनाई होती. त्यात फक्त फुलं भाजली जात. नागपूरहून कुरिअरनं पॉलिमर क्ले यायची; बाई तिला नुसतं 'माती' म्हणत. कणकेसारखी मळायची, पाकळी-पाकळी करून फूल जमवायचं, दोरा ओवायला सुईनं आरपार भोक पाडायचं आणि मंद आचेवर अर्धा तास भाजायचं, की कडक मणी तयार. पांढरी माती हातात घेण्याआधी बाई ऑपरेशनला निघाल्यासारख्या कोपरापर्यंत हात धुवत, कारण पांढऱ्यावर धुळीचा एक कण बसला तरी त्यांना तो रात्रंदिवस दिसत राही. हत्यारं दवाखान्यातलीच: चिमटा, इंजेक्शनच्या सुया, एक बोथट कात्री. आणि फुलाला त्या 'पेशंट' म्हणत. प्रत्यक्ष न तपासलेल्या पेशंटवर इलाज करायचा नाही, हा नोकरीतला नियम त्यांनी फुलांनाही लावला होता. चित्र पाहून, फोटो पाहून काही करायचं नाही. एकदा चामोर्शीच्या बाजाराला जाताना त्यांनी भर रस्त्यात एसटी थांबवायला लावली. "थांबव ना गा गाडी, पेशंट पाहाचा हाये." कंडक्टरनं घाबरून घंटी मारली. बाई उतरल्या, रस्त्याच्या काठावरच्या कळलावीच्या वेलापाशी उकिडव्या बसल्या, भिंग लावून पाच मिनिटं पाहिलं, वहीत काही टिपलं आणि परत येऊन म्हणाल्या, "तब्येत चांगली हाये." सगळी बस हसली. कंडक्टरनं मात्र हळूच विचारलं, "बाई, कोनतं फूल होतं वो?"

पण माझी बोलती खरी बंद झाली ती धानाच्या फुलानं. धानाला फूल येतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. ते सकाळी उन्हं तापल्यावर जेमतेम तासभर उघडतं आणि मिटतं. बाई आठ दिवस रोज त्या वेळी बांधावर उभ्या. शेताच्या मालकाला वाटलं, सरकारी पाहणी चालली आहे. त्यानं बिचाऱ्यानं खुर्ची आणून दिली. नवव्या दिवशी बाईंनी माझ्या तळव्यावर मातीची एक लोंबी ठेवली. तिळाएवढी फुलं आणि एकेका फुलाला केसासारखे सहा तंतू. मी श्वास रोखून उभी राहिले, उडून जाईल म्हणून. वैशाख पौर्णिमेला त्या आपल्या हातची, कुड्याच्या फुलांची पांढरी कर्णफुलं घालून विहारात गेल्या, तर वंदना चालू असताना एक मधमाशी येऊन त्यांच्या कानावर बसली. बायका मागे सरकल्या. बाई हलल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तपासनीवाली होती. पास केलं तिनं."

अशा या बाईंना गावात एकच जिवाभावाची मैत्रीण होती, पारबताबाई. तळ्यावर जाळं टाकण्यात हयात गेलेली. मी राहायला गेले त्याच वर्षी पारबताबाईंची उरलीसुरली नजर काचबिंदूनं नेली. तेव्हा त्या एवढंच बोलल्या होत्या, "सिस्टर, तू तं नर्स होतीस." त्यानंतर त्या घराबाहेर पडेनात, सिस्टरबाईंशी बोलेनात. बाई रोज संध्याकाळी त्यांच्या दारापर्यंत जात आणि परत येत. एकदा मला म्हणाल्या, "गावोगावचे डोळे तपासाले पाठवले मी. हे रोज माह्याजवळ बसे, अन् मले दिसलं नाई."

मग पंधरा दिवस बाई घरातून हलल्या नाहीत. झाली ती एक माळ, आणि ती पाहून मी चकितच झाले. रंगाच्या एका छटेसाठी तीन-तीन दिवस माती मळणाऱ्या बाईंनी ती अख्खी माळ उरल्यासुरल्या मातीच्या एकाच करड्या रंगात केली होती. आम्ही दोघी गेलो. पारबताबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. बाईंनी माळ त्यांच्या मांडीवर ठेवली. मग बोटं हलली. "मोहाचं फूल," पारबताबाई म्हणाल्या. पुढचा मणी. "कुडा. हे कळलावी, इच्या पाकळ्या उलट्या फिरते." एकेक मणी पुढे सरकत होता आणि त्या खोलीत जंगल उगवत होतं. एका मण्यावर बोटं थांबली. "हे काय व्हय?"

"कमळ."

"हे कमळ? माहा जलम गेला तळ्यात, सिस्टर. कमळाची पाकळी अशी चपटी रायते का? वाटीवानी खोलगट रायते. पानी थांबते तिच्यात."

मी धास्तावले. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांनी एकदा चूक काढली, तर बाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या. पण आता त्या खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मंग येऊन दाखव ना. मले कुठी येते पोहाले? काठावरूनच पाह्यलं मी."

पारबताबाईंना हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरबाईंचा हात धरून आमच्या अंगणात आल्या, आणि मग रोजच येऊ लागल्या. त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय एकही फूल ओव्हनमध्ये जाईना. बाई दहा-दहा वेळा मोडून करत, कुरकुरत, पुन्हा करत.

यंदा माझी बदली चंद्रपूरला झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर दोघी पळसाची फुलं करत बसलेल्या. पहिला घाणा भाजायला गेला होता. पारबताबाईंनी हातातलं कच्चं फूल चाचपलं. "पाकळीची चोच बरोबर हाये," म्हणाल्या. मग हळूच, "याचा रंग कसा होता वो, सिस्टर? लाल म्हनतो मी तोंडानं, पन आता दिसून नाई राह्यला. पयले आठवला का दिसे."

तेवढ्यात ओव्हनची घंटी वाजली. सिस्टरबाई उठल्या, चिमट्यानं एक फूल उचललं, फुंकर घातली, बाळाचं दूध पाहावं तसं आपल्या मनगटावर टेकवून पाहिलं आणि ते गरम फूल पारबताबाईंच्या तळव्यावर ठेवून त्यांची मूठ मिटवली.

"असा," त्या म्हणाल्या.

पारबताबाई मूठ छातीशी धरून बसून राहिल्या. सिस्टरबाईंचा हात त्या मुठीवर तसाच होता. बाहेर माझ्या सामानाचा टेम्पो हॉर्न देत होता. पारबताबाई म्हणाल्या, "हव. असाच होता."

मी चपला हातात घेऊन, आवाज न करता बाहेर पडले.