आत्याचा आवाज

आमच्या आत्याच्या आवाजाला बस स्टँड वचकून असे. गाड्यांच्या वेळा सांगणं एवढंच तिचं काम. पण चुकीच्या फलाटावर गाडी लावणाऱ्याला ती त्याच माइकवरून फैलावर घ्यायची. साहेबांनी समज दिली की "बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लग्न तिनं केलं नाही. दादाला आणि मला तिनंच वाढवलं, आणि लाड केले ते दादाचे. हे मी कुरकुरतच सांगते आहे.

मग तिला घशाचा आजार झाला. स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा रडत बसण्याऐवजी ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि जमेल तेवढं बोलून ठेवलं. दारावरच्या भाजीवाल्याशी घासाघीस, माझी कानउघाडणी, दादासाठी "जेवलास का रे?" ऑपरेशननंतर ती टाइप करायची आणि कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलायचा. बोलून न ठेवलेलं वाक्य तिच्याच आवाजाचे तुकडे जोडून म्हणायचा. जरा अडखळायचा, पण जरब तीच.

कॉम्प्युटर मात्र म्हातारा झाला होता. तो तोंड उघडेपर्यंत भाजीवाला पुढच्या गल्लीत. दादा म्हणाला, "मी करून देतो ना! बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं नवं. डिस्क तीच, तिला हातही लावत नाही." व्हिडिओ बघून शिकलेला आमचा हा दीड शहाणा. आत्यानं पाटीवर लिहिलं, "माझ्या आवाजाची कॉपी घेतलीस?"

"घेतली गं," दादा म्हणाला.

नवे भाग बसले, पंखे फिरले आणि पडदा निळा झाला. मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू, पुन्हा निळा. आतली सिस्टिम जुन्या बोर्डाला सरावलेली, नव्यावर ती उठायलाच तयार नाही. शेवटी मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "घाबरू नका," तो म्हणाला. "डिस्कवर सगळं जागच्या जागी असणार. फक्त काही पुसू नका. उद्या ती घेऊन या, बघू." हे दादानं ऐकलं, आत्यानंही. ती निश्चिंत होऊन आत जाऊन पडली. मी औषधं आणायला गेले.

परत येते तो काय, कॉम्प्युटर चालू आणि दादा खुशीत.

"नव्यानं सिस्टिम टाकली. दुकानात कशाला जायचं?"

"डिस्क पुसलीस?"

"त्याशिवाय होतच नव्हतं."

"मग कॉपी टाक ना."

तो माझ्याकडे बघेना. "डिस्क बदलणारच नव्हतो, म्हणून म्हटलं, कशाला..."

"म्हणजे घेतलीच नव्हती?"

"ओरडू नकोस. दुसरा आवाज घातलाय मी. उलट जास्त स्पष्ट आहे."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. चूक झाली असती तर पोटात घातली असती. पण हा आधी खोटं बोलला, आणि मग आपल्याला जमलं नाही असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी सगळं जाणूनबुजून पुसून बसला. ज्या बाईनं स्वतःच्या ताटातलं याला भरवलं, तिच्याशी!

आत्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती येऊन खुर्चीत बसली आणि टाइप करू लागली. रागाच्या भरात चुकलेली अक्षरं तिला पुन्हा पुन्हा खोडावी लागली.

"माझ्याशी खोटं का बोललास?" कुणा परक्या बाईनं गोड स्वरात विचारलं. फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणतात ना, तशी बाई.

आत्याच्या मानेच्या शिरा ताठरल्या. चेहरा लाल झाला. तिनं पुन्हा टाइप केलं.

"आत्ताच्या आत्ता माझ्या घरातून चालता हो," बाई तितक्याच प्रेमानं म्हणाली.

दादाची नजर पडद्यावर होती. त्यानं सुटकेचा श्वास टाकला. "बघ आत्या," तो म्हणाला, "किती छान बोलतोय!"