रूपरावांची फुंकर

रूपराव आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागाचे शिपाई. कागदावर शिपाई, पण एकोणतीस वर्षे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे दगडाचे काप केले. माझे यजमान, प्राध्यापक मधुकरराव, चित्रकूटकडून गारेच्या दगडाचे तुकडे आणत. एकशे साठ कोटी वर्षांपूर्वीचे शेवाळ त्यांत दगड होऊन राहिलेले. रूपराव तुकडा काचेवर चिकटवून घासत, इतका की खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता यावीत. शेवटचा हात ते कोरडा देत. पाण्याने काप काचेवरून सुटतो, असा त्यांचा समज. उडालेली पूड तोंडाने फुंकत. यजमान पाहुण्यांना कौतुकाने ती फुंकर दाखवत.

माझ्या रोजनिशीत १४ फेब्रुवारी २००३ला नोंद आहे : रूपरावांना खोकला, आल्याचा काढा दिला. पुढे अशा सतरा नोंदी आहेत. सतराही वेळा काढाच.

यजमान २०१९ला गेले. रूपरावांनी दोन वर्षे क्षयाच्या गोळ्या खाल्ल्या, मग एका डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारले, "दगडाचं काम करत होता का?" फुफ्फुसात धूळ बसली होती. उपाय नव्हता.

मार्चमध्ये त्यांच्या पत्नी कुंताबाईंचा फोन आला. "बाई, यायले ते शेवाळ पाह्याचं हाय म्हणते. जिंदगीभर कापलं, पन पाह्यलं नाई."

खरेच होते. विभागात सूक्ष्मदर्शक पुसणे त्यांचे काम, त्यातून पाहणे नव्हे.

यजमानांच्या कपाटात काप शोधताना त्यांचे काप करण्याच्या कृतीचे पुस्तकही हाती आले. एका ओळीखाली त्यांनीच तांबडी पेन्सिल ओढली होती : शेवटपर्यंत पाण्यातच घासावे, म्हणजे पूड उडत नाही.

काप आणि विभागातला सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन मी रिक्षाने सावंगीला रूपरावांकडे गेले. खिडकीत मांडला, आरसा उजेडाकडे वळवला. रूपरावांच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती. कापावर धूळ दिसताच त्यांनी सवयीने ओठ गोल केले. फुंकर आलीच नाही.

"दगडाले फुंकत बसले," कुंताबाई म्हणाल्या, "चुलीले एक दिवस फुंकलं नाई." आणि पदराने काप पुसला.

रूपराव बराच वेळ वाकून पाहत होते.

"ज्वारीच्या धांड्यावानी हाय. पेरं पेरं."

"त्या पेरांत आणखी बारीक खोल्या आहेत," मी सांगितले. "त्याआधीचे जीव अगदी साधे होते. असे गुंतागुंतीचे जीव झाले, म्हणून पुढे झाडं आली, आपण आलो."

"अन् हे हवा बनवे?"

"हो."

"मंग मलेच काऊन पुरली नाई?" ते हसू लागले, आणि खोकल्याने हसू मोडले. दम परतल्यावर त्यांनी विचारले, "बाई, तुम्ही सरांची पुस्तकं वाचता. पान्यात घासलं असतं, त काप सुटला असता नं?"

कुंताबाई माझ्याकडे पाहू लागल्या.

"सुटला असता," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय," म्हणून त्यांनी पुन्हा डोळा लावला.

नवव्या दिवशी ते गेले. त्या भेटीच्या पानावर मी एवढेच लिहिले आहे : रूपरावांनी शेवाळ पाहिले. मी खोटे बोलले. काप सुटला नसता.