बाजरीतला मारवा

आमच्या घरातलं शास्त्रीय संगीत सध्या निरगुडसरला बाजरी राखतं.

त्याला कामाला लावलं मीच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एसटी स्टँडसमोरच्या टपरीतून एकेक करून त्रेचाळीस कॅसेटी जमवल्या होत्या. सगळ्या एकाच कंपनीच्या, मोठ्या कंपन्यांच्या निम्म्या किमतीत. स्वस्ताईची कारणं उघड होती. प्रत्येक वेष्टनावर तोच तंबोरा, फक्त रंग वेगळा. गायकाचं नाव बारीक अक्षरात, तबलजीचं नाहीच. आणि फीत संपली की गाणं संपलं, मग बुवा तानेच्या मध्यावर का असेनात! कंपनी कधीच बुडाली. तिचं नाव आता तिच्या मालकालाही आठवत नसेल. अण्णांना मात्र कुठली तान कुठे तुटते, तेही पाठ होतं. त्यातही मारवा राग त्यांचा सगळ्यांत लाडका.

गेल्या वर्षी मी त्या सगळ्या मोबाइलमध्ये उतरवल्या (टेपरेकॉर्डरसमोर मोबाइल ठेवून. दुसरी पद्धत असते, हे नंतर कळलं). मग कॅसेटींचं खोकं निरुपयोगी ठरवून निरगुडसरची शेती बघणाऱ्या धाकट्या भावाला, दत्ताला, दिलं. आमच्याकडे जुन्या कॅसेटची फीत शेतात ताणून बांधतात. वाऱ्यात ती चमकते, घूंघूं वाजते आणि पाखरं लांब राहतात.

यंदा अण्णांचा डावा कान गेला. उजवाही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. अण्णा घरी येऊन एवढंच म्हणाले, "त्याच्या आधी एकदा त्यो मारवा ऐकीव."

"मोबाइलमध्ये आहे!" मी अभिमानाने म्हणालो आणि त्यांच्या उजव्या कानाशी लावला.

अण्णांनी डोळे मिटले. आलाप सुरू झाला. बुवा धैवतावर स्थिरावले आणि आमच्या कुकरने शिट्टी दिली! पाठोपाठ एक खणखणीत आवाज आला, "गॅस बंद करा! रेकॉर्डिंग चालू आहे!"

अण्णांनी डोळे उघडले. मी मोबाइल बंद केला.

"पुढं अजून पाच-सहा वेळा आहे," माझी बायको सुनंदा म्हणाली. "शिट्टी नाही. तुम्ही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निरगुडसर गाठलं. बाजरी कणसांत आली होती आणि तिच्यावर त्रेचाळीस राग झळकत होते. रिकाम्या कॅसेटी दत्ताने आपापल्या फितीच्या खुंटांना बांधून ठेवल्या होत्या, म्हणून मारवा सापडला. विहिरीच्या बाजूला.

"दादा, पोपट लई माजल्यात," दत्ता म्हणाला. "ही बाजू मोकळी केली तर कणसं ऱ्हायची न्हाईत."

"अण्णांसाठी हवाय रे. कान चाललाय त्यांचा."

दत्ताने खुंटाची गाठ सोडली. मग म्हणाला, "ने. पर तिथं काय बांधू? का तूच हुबा ऱ्हातो?"

फीत पुसत, तुटली तिथे चिकटपट्टी लावत, पेन्सिलीने गुंडाळता गुंडाळता दुपार गेली. संध्याकाळी, ऐन मारव्याच्या वेळेला, मी अण्णांसमोर टेपरेकॉर्डर ठेवला. घरात कुणी बोलेना. कुकर तर सकाळपासूनच बंद होता (वरण पातेल्यात शिजलं).

बुवा गाऊ लागले. पण आवाज गोधडीतून यावा तसा, आणि एकही शब्द ओळखीचा नाही.

अण्णांनी कान आणखी जवळ नेला. "ह्यो बुवा मागं मागं का चाललाय?"

कारण साधं होतं. फीत जास्त चमकावी म्हणून दत्ताने तिला पीळ दिला होता. तो पीळ मी इमानाने तसाच गुंडाळला. फीत उलटी बसली आणि गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे निघालं!

तेवढ्यात दत्ताचा फोन आला. "दादा, मारवा जमला का?"

"नाही."

"इकडं पोपटांचं जमलंय बग!"

मी अण्णांसमोर मान खाली घालून बसलो. त्यांनीच टेपरेकॉर्डर बंद केला. "मोबाइलातला लाव," म्हणाले.

पूर्ण अर्धा तास त्यांनी तो ऐकला. कुकरसकट, माझ्यासकट. तान मध्यावर तुटली, तेव्हा त्यांचा हात हवेतच होता. कंपनीने कधी न विकलेली ती सम त्यांनी मांडीवर थाप देऊन स्वतःच पुरी केली.

"झ्याक गायलाय," अण्णा म्हणाले. "फकस्त मधी मधी त्यो दुसरा बुवा वरडतो ना, त्याला जरा बारीक करता आला तर बग."